तांबडीचा शनिवार

आमच्या घरात दोन कुकर होते. एक माणसांचा, एक कुत्र्यांचा, आणि कुत्र्यांचा मोठा होता. पहाटे पाचला आधी त्याच्या शिट्ट्या व्हायच्या. त्यात तांदळाची कणी, हळद आणि आळंदी रोडवरच्या चिकनवाल्याने बाजूला ठेवलेले कोंबडीचे पाय शिजायचे. तो ओशट वास विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत असा मुरला होता की माझ्या कॉलेजच्या ओढण्यांनासुद्धा यायचा. शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "तुमच्याकडे रोज नॉनव्हेज असतं का गं?" तिला काय सांगणार, आमच्याकडे नसतं, आमच्या कुत्र्यांकडे असतं! आम्हाला मेथी आणि भाकरी. बाबा खडकीच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीला निघताना डबा घ्यायला ओट्यापाशी आले की दोन्ही कुकरांकडे आळीपाळीने बघायचे आणि आईला विचारायचे, "सिस्टर, यातला स्टाफचा कुठला?" आई हसायची नाही. ती दवाखान्यात नर्स होती आणि घरातही नर्सच होती.

आईला प्राण्यांचा लळा होता असं कुणी म्हटलं तर मला आजही नवल वाटतं. तिने एकाही कुत्र्याला कधी कुरवाळलं नाही, लाडाने हाक मारली नाही. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार कुत्री असायची, दोन कुत्रे आणि दोन कुत्र्या, आणि आई त्यांच्याकडे वॉर्डातल्या पेशंटसारखी बघायची. कुणाला जुलाब, कुणाच्या कानात गोचीड, कुणी कालपासून लंगडतंय. औषध भाकरीत दाबून भरायचं, तोंड धरायचं, गिळेपर्यंत सोडायचं नाही. मी तिला एकदा विचारलं, "तुला आवडतात का तरी ही?" ती म्हणाली, "आवडायचा काय संबंध? दारात आहेत ना?" मला मात्र तांबडी आवडायची, उघड उघड आवडायची. तिचा रंग विटेसारखा, शेपूट कुणी तरी कधी तरी मोडलेली, आणि मी अभ्यास करत जिन्यात बसले की ती माझ्या चपलांवर हनुवटी ठेवून झोपायची. वर्षातून दोनदा स्कूटरींच्या मागे तिला पिल्लं व्हायची. ती पिल्लं चालायला लागली की पहिली रस्त्याकडेच जायची. गाडीखाली आलेल्या पिल्लाचं उरलेलं आई वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, आणि तांबडी दोन दिवस त्या स्कूटरींच्या मागे हुंगत फिरायची. मला ते बघवत नसे. मी रडायचे आणि आई हात धुऊन ड्यूटीला जायची.

कॉलनीचं म्हणाल तर कॉलनीने कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी जे करायचं ते केलं होतं. प्रत्येक फाटकाशी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. लाल पाण्याला कुत्री घाबरतात हा शोध कुणी लावला देव जाणे. आमचा काळू त्या बाटलीला टेकून झोपायचा. आजही मी राहते त्या सोसायटीत या बाटल्या आहेत, फक्त आता त्यांत निळं पाणी असतं. मोठमोठ्या कंपन्यांत कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं रविवारी त्या भरताना मी बघते आणि कपाळाला हात लावते. तर, बाटल्यांनी काही झालं नाही, तेव्हा सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी होते नाना. निवृत्त मनुष्य, हातात कायम फाइल. त्यांनी ठराव मांडला की टेम्पो ठरवून चारही कुत्री घाटापलीकडे सोडून यावीत. आई उभी राहिली. म्हणाली, "नाना, तिथली कुत्री यांना फाडून टाकतील. आणि इथली जागा रिकामी झाली की चार नवीन येतील." नाना म्हणाले, "ती पुढच्या मीटिंगला घेऊ." सगळे हसले. आई हसली नाही, बसलीही नाही. तिने तिथेच महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. चौघांची नसबंदी करून आणते, पिल्लं बंद, टेम्पो रद्द. नानांनी ते लिहून घेतलं आणि खाली आईची सही घेतली. कुत्र्यांच्या वतीने सही करणारी ती आमच्या कॉलनीतली पहिलीच असावी.

हडपसरच्या पलीकडे एक ट्रस्ट होता, ते भटक्या कुत्र्यांची ऑपरेशनं करायचे. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला छोटी खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत आणून सोडायचं. ऐकायला सोपं. त्यांचा नंबर लागायला माझ्या नाकी नऊ आले, कारण आई ड्यूटीवर, बाबा पाळीवर, त्यामुळे फोन करायचे मी. कधी व्हॅन नादुरुस्त, कधी डॉक्टर रजेवर, कधी "ताई, तुमचा एरिया आमच्याकडे येत नाही", आणि ज्यांच्याकडे येतो असं ते सांगत तिथे विचारलं की "तो तर त्यांच्याकडे येतो." शेवटी आई स्वतः दोन बस बदलून हडपसरला गेली, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर दिवसभर बसली आणि तारीख घेऊन आली. महिन्याचा शेवटचा शनिवार. एकच फेरी, सकाळी सातला. पुढची तारीख तीन महिन्यांनी, म्हणजे टेम्पोनंतर. त्यांच्याकडे पिंजरे कमी होते, म्हणून नेल्याच्या दिवशीच ऑपरेशन. त्यामुळे कुत्री उपाशी ठेवायची जबाबदारी आमची. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, की पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती छातीत जाते. आईला हे सांगायची गरज नव्हती. तिची निम्मी हयात ऑपरेशनच्या पेशंटांना "काही खाल्लं नाही ना?" असं विचारण्यात आणि "नाही हो, फक्त चहा-बिस्किट" हे उत्तर ऐकण्यात गेली होती.

तरी तिने दारोदार जाऊन सांगायचं ठरवलं आणि मला बरोबर घेतलं. ती संध्याकाळ आठवली की आजही माझं डोकं दुखतं. आई एकच वाक्य बोलायची, "शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर कुत्र्यांना काहीही घालायचं नाही." समोरून येणारे प्रश्न मात्र निरनिराळे. "दूध चालेल ना?" "नाही." "पोळीचा तुकडा? आमचा मुलगा रोज टाकतो." "नाही." "अहो, पण शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतो आम्ही, तुमचा काळू काळाच आहे." "रविवारी घाला." "रविवारची कशी चालेल?" एकांनी दार अर्धंच उघडून विचारलं, "ऑपरेशन झालं की भुंकायची थांबतील का?" आई म्हणाली, "तुमचं अपेंडिक्स काढलं होतं ना? तुम्ही थांबलात का?" आणि आम्ही पुढच्या दाराशी गेलो. घरी आल्यावर तिने पुठ्ठ्यावर लिहून फाटकाला टांगलं: 'शुक्रवार सायं. सातपासून कुत्र्यांना काहीही खायला घालू नये. काहीही म्हणजे काहीही.' सकाळी त्याखाली कुणी तरी पेनने लिहिलं होतं, 'पाणी?'

तळमजल्यावरच्या मोरेकाकूंनी मात्र काही विचारलं नाही. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. "सिस्टर, तुम्ही काळजीच करू नका. मी कुणाला घालूच देणार नाही." काकू पहाटे चारला उठायच्या. त्यांच्या घरातून आधी बादलीचा, मग घंटीचा आणि मग खलबत्त्यात दाणे कुटल्याचा आवाज यायचा. आठवड्यातले दोन-तीन दिवस त्यांचा उपास असायचा. शनिवार मारुतीचा. आमच्या घरात उपास नावाची गोष्ट नव्हती. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं सुटलं होतं, पौर्णिमेला खीर आणि बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, एवढाच आमचा सण. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी मला फक्त काकूंच्या हातची माहीत. दर शनिवारी एक वाटी वर यायची, मोकळी, चकाकणारी, वर लिंबाची फोड. कॉलेजच्या परीक्षेला निघाले की त्या मला दारात थांबवून हातावर दही ठेवायच्या. "रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नये गं सुजू," असं म्हणायच्या. मला काकू फार आवडायच्या. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

शुक्रवारी संध्याकाळी चौघांना पार्किंगमधल्या खांबांना बांधलं. बाबांनी आणि आईने आळीपाळीने लक्ष ठेवलं आणि पहाटे पाचपासून माझी पाळी होती. मी वैतागलेली होते. सोमवारी पेपर होता, झोप झाली नव्हती आणि गेला महिनाभर माझं सगळं आयुष्य कुत्र्यांच्या आतड्यांभोवती फिरत होतं. साडेपाचला मी चहा घ्यायला वर गेले. पाचच मिनिटं. कप घेऊन जिन्याच्या वळणावर आले तर खाली मोरेकाकू वाकलेल्या. केस ओले, पदर खोचलेला. तांबडीच्या पुढे वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर खिचडी, वर दही. त्या हळू आवाजात तिच्याशी बोलत होत्या, "ऑपरेशनला चाललीस बाई, अशी रिकाम्या पोटी कशी जाशील? खा. उपासाचं आहे, हलकं असतं." बाकीच्या तिघांना त्यांनी काही घातलं नव्हतं. आवडती तांबडीच. त्यांच्या दृष्टीने त्यांनी शब्द मोडला नव्हता. उपास म्हणजे काही न खाणं, हे कधी त्यांच्या डोक्यात आलंच नसणार, कारण जन्मभर त्या असाच उपास करत होत्या.

मी हाक मारायला हवी होती. 'काकू' एवढंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या डोक्यात एकदम सगळा हिशेब झाला. ओरडले तर आई खाली येईल. आई आली की ती डॉक्टरांना सांगणार, कारण आई खोटं बोलत नाही. सांगितलं की तांबडी राहिली. तांबडी राहिली की टेम्पो. शिवाय काकूंचा अपमान सगळ्या कॉलनीदेखत होणार. आणि घास तो केवढा, मूठभर तर होता. एवढ्याशाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. दारोदार फिरताना असलंच बोलणं ऐकून मी चिडले होते, आणि आता तेच माझ्या तोंडी होतं. तांबडीने तीन-चार घासांत कागद चाटून साफ केला. काकूंनी कागदाची घडी घातली, मान वर केली आणि आत गेल्या. मी तिथेच उभी राहून चहा संपवला.

सातला व्हॅन आली. डॉक्टर स्वतः आले होते, तरुण, बोलायला खडूस. त्यांनी आईला विचारलं, "सगळी उपाशी आहेत?" आई म्हणाली, "काल सातपासून कणसुद्धा नाही. माझी जबाबदारी." "पहाटे कोण होतं?" "माझी मुलगी. सांग गं." मी म्हणाले, "काही नाही खाल्लं." डॉक्टरांनी कागदावर खूण केली. तांबडी व्हॅनमध्ये चढायला तयार नव्हती. माझ्याकडे बघत होती, म्हणून मीच तिला उचलून आत ठेवली. तिचं पोट माझ्या हाताला लागलं. कोमट होतं. बाबा म्हणाले, "झालं एकदाचं." आईने त्या दिवशी कुत्र्यांचा कुकर लावला नाही आणि आम्हा तिघांना कांदेपोहे केले. ती कधी नव्हे ती खुशीत होती. मी माझे पोहे बाबांच्या ताटलीत सरकवले.

दुपारी तीनला फोन आला. आईने घेतला. मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण आईची पाठ ताठ होत गेलेली दिसली. "हो." "हो." "नाही, शक्यच नाही." फोन ठेवून ती स्टुलावर बसली. भूल दिल्यावर तांबडीला उलटी झाली होती. त्यांनी तासभर प्रयत्न केले. बाकीची तीन ठीक होती. "डॉक्टर म्हणाले, उलटीत साबुदाणा होता," आई म्हणाली. "विचारत होते, तुमच्या कॉलनीत कुत्री शनिवार करतात का." बाबांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलावं. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती उठून चपला घालत होती.

आईला मी त्याआधी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. वॉर्डात आवाज चढवत नाहीत, ती सवय. त्या दिवशी तिचा आवाज जिन्यातून वरपर्यंत गेला, दारं उघडली, नानासुद्धा फाइलसकट आले. "वहिनी, मी तुमच्या दारात उभी राहून सांगितलं होतं! काहीही म्हणजे काहीही! साठ वर्षांच्या बाईला अजून काय फोड करून सांगायचं?" काकू दारात उभ्या होत्या, हातात तांदूळ पाखडायचं सूप. "काय झालं सिस्टर?" "मेली ती. तुमच्या खिचडीने मेली." काकूंनी सूप खाली ठेवलं. ते नीट टेकलं नाही, थोडे तांदूळ सांडले. "मूठभरच होती हो," त्या म्हणाल्या. "उपासाची." मागे कुणी तरी चुकचुकलं. नाना म्हणाले, "म्हणूनच मी टेम्पो म्हणत होतो." आई पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंची नजर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. त्या रागावल्या नव्हत्या. खरंच काही समजून घ्यायचं असावं अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पण सुजू होती ना जिन्यात. मी वर बघितलं तर ही चहा पीत उभी. मला वाटलं, चुकत असतं तर ही बोलली असती. शिकलेली पोर आहे, तिला कळतं. ही काही बोलली नाही, म्हणून मी निर्धास्त आत गेले."

आई वळली. माझं तोंड बघूनच तिला कळलं असणार. तिच्या चेहऱ्यावरचा राग एका क्षणात गेला, आणि मला तो परत यावा असं वाटलं. तिने काकूंचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझं चुकलं वहिनी. तुम्ही आत जा." मग ती खाली बसून सांडलेले तांदूळ वेचायला लागली. काकूही बसल्या. दोघी वेचत होत्या आणि मी उभी होते. वर गेल्यावर आईने फोन लावला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डॉक्टरांना सांग. कोण खोटं बोललं ते." मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. त्यांनी मला झापलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

उरलेली तिघं चार दिवसांनी परत आली, कानाला खाच घेऊन. टेम्पो गेला नाही, आईची सही खरी ठरली. मोरेकाकू त्यानंतर मला दारात थांबवत राहिल्या, हातावर दही ठेवत राहिल्या. त्या कधी त्याविषयी बोलल्या नाहीत आणि मला माफी मागायला शब्द सापडले नाहीत, तोवर त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. आई आता थकली आहे. तिनेही तो विषय पुन्हा काढला नाही. पण पुढे तांबडीच्या जागी आलेल्या नवीन कुत्रीसाठी व्हॅनची तारीख मिळाली तेव्हा पहाटेच्या पाळीला तिने मलाच बसवलं.

अजून मीच बसते. आमच्या आताच्या सोसायटीत गेल्या शनिवारी एका कुत्रीला न्यायचं होतं. सहाच्या सुमारास चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ फिरायला निघाले आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून वाकले. भला माणूस, रोज घालतो. मी वीस पावलांवर खुर्ची टाकून बसले होते. मी अशी किंचाळले की त्यांच्या हातातून पुडा पडला आणि वरच्या दोन खिडक्या उघडल्या. ते दचकून म्हणाले, "अहो मॅडम, हळू सांगितलं असतं तरी ऐकलं असतं." दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तीन जणांनी माझी तक्रार केली, आणि मुलगी म्हणाली, "आई, किती ओरडतेस गं, लाज वाटते." पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी मी बिस्किटं वेचली, खुर्ची कुत्रीच्या आणखी जवळ ओढली आणि व्हॅन येईपर्यंत तिथून हलले नाही.